हौशी छायाचित्रकारांचे मंडळ : स्पर्धेचे चित्र आणि नोंदीचे चित्र

'हौशी' हा शब्द आपण मराठीत जरा सैल हाताने वापरतो. हौशी नट म्हणजे कच्चा नट, हौशी गायक म्हणजे उत्साही पण बेसूर गायक, असा काहीसा भाव त्याला चिकटला आहे. छायाचित्रणाच्या इतिहासात मात्र हा शब्द मानाचा आहे. ज्याचे पोट या विद्येवर अवलंबून नाही, आणि म्हणून गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे चित्र काढण्याची ज्याच्यावर सक्ती नाही, तो हौशी. फ्रेडरिक स्कॉट आर्चर हा लंडनचा एक शिल्पकार. त्याने १८५१ साली ओल्या कलोडियनच्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली आणि तिचे पेटंट घेतले नाही. पुढची जवळजवळ तीस वर्षे जगभरची छायाचित्रे मुख्यतः त्या पद्धतीने निघाली. आर्चर स्वतः गरिबीत वारला, हेही ओघाने सांगितले पाहिजे.

आपल्या महाविद्यालयात छायाचित्रण मंडळ सुरू करावे अशी चर्चा गेल्या वर्षी मराठी आणि कानडी अशा दोन्ही बाजूंच्या विद्यार्थ्यांत झाली. त्यांनी मला विचारले, कारण मी मूळचा पेडणे तालुक्यातला; आणि बेळगावहून चोर्ला घाट उतरून साखळीमार्गे डिचोलीला जाऊन तिथल्या एका लहानशा हौशी मंडळाच्या बैठकीत गेली अनेक वर्षे बसत आलो आहे. अशा मंडळात नेमके चालते काय, स्पर्धेने माणूस काय शिकतो आणि स्पर्धा काय शिकवू शकत नाही, हे सविस्तर लिहावे असे त्या वेळी वाटले. तोच हा लेख.

प्रारंभ मांद्रे गावापासून केला पाहिजे. पेडणे तालुक्यातले हे समुद्रकाठचे गाव आज पर्यटकांना ठाऊक आहे. पण डॉ. भाऊ दाजी लाड यांचा जन्म या गावचा, हे पेडण्यातल्या मुलांनाही पुष्कळदा सांगावे लागते. लहानपणीच ते मुंबईस गेले, ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीतून १८५१ साली डॉक्टर झाले आणि पुढे मुंबईचे पहिले भारतीय शेरीफ झाले. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्याच महाविद्यालयातून पाठोपाठ डॉक्टर झाले. मुंबईत ऑक्टोबर १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. लंडनची तशीच संस्था १८५३ ची, म्हणजे अंतर पुरते दोन वर्षांचेही नव्हे. मद्रास आणि कलकत्त्याच्या संस्था त्यानंतरच्या, १८५६ च्या. मुंबईच्या या संस्थेत दोघे बंधू होते. नारायण दाजी तर १८५७ ते १८६१ या काळात तिच्या कार्यकारी मंडळावर होते आणि संस्थेच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली जात. दिवसा रोगी तपासावयाचे आणि उरल्या वेळात काचेवर रसायन ओतून ती ओली आहे तोवर चित्र घ्यावयाचे, असा हा डॉक्टरांचा छंद होता. तेव्हा आपल्याकडे या विद्येतला 'हौशी' माणूस शोधावयाचा तर तो पेडण्याच्या वाटेवरच भेटतो.

त्या काळी ही विद्या शिकवलीही जात होती. एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ मध्ये छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले छायाचित्रकार त्यातून तयार झाले. विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ पासून 'द इंडियन अ‍ॅमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम' नावाची मासिक माला काढली. तिच्या प्रत्येक अंकात तीन खरी छायाचित्रे चिकटवलेली असत. मासिकाच्या नावातच 'हौशी' हा शब्द आहे, हे लक्षात घ्यावे.

कलकत्त्याची गोष्ट थोडी निराळी. तिथल्या संस्थेत राजेंद्रलाल मित्र हे थोर पंडित पदाधिकारी होते. १८५७ साली त्यांनी नीळवाल्या गोऱ्या मळेवाल्यांविरुद्ध जाहीर भाषण केले, तेव्हा त्यांना संस्थेतून बाहेर पडावे लागले. मंडळ हे नुसते कॅमेरेवाल्यांचे टोळके नसते. त्यात कोणाला जागा आहे आणि कोण काय बोलू शकतो हा प्रश्न पहिल्या दिवसापासून असतो.

आणखी एक नाव आपल्या कानडी वाचकांसाठी. मुंबई सरकारने १८५५ मध्ये कॅप्टन बिग्ज या तोफखान्यातील अधिकाऱ्याला छायाचित्रकार म्हणून नेमून विजापूर, बदामी, ऐहोळे, पट्टदकल या भागातील वास्तूंची चित्रे घेण्यास पाठवले. पुढे ते काम डॉ. पिगू यांच्याकडे आले आणि त्या दोघांची चित्रे १८६६ मध्ये ग्रंथरूपाने छापली गेली. ऐहोळेचे देऊळ त्या वर्षी कसे होते, भोवती घरे कुठवर आली होती, शिखरावर झाड उगवले होते की नाही, हे आज अभ्यासकाला त्या चित्रांवरून पाहता येते. एकीकडे प्रदर्शनासाठी काढलेले चित्र आणि दुसरीकडे नोंदीसाठी काढलेले चित्र, अशा दोन वाटा आपल्या देशात छायाचित्रणाच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच पडल्या होत्या. हे ध्यानात ठेवून आता डिचोलीकडे वळू.

आमचे मंडळ लहान आहे. महिन्यातून एका रविवारी वीस-बावीस माणसे जमतात. त्यांत शाळामास्तर आहेत, बँकेतले कारकून आहेत, पंचायतीतले एक सचिव आहेत, एक शिंपी आहेत, आणि खाणी बंद झाल्यावर ज्यांचा ट्रक अंगणात उभा राहिला असे एक गृहस्थ आहेत. त्यांनी त्या रिकाम्या काळात पक्ष्यांची चित्रे काढण्यास प्रारंभ केला आणि आज मंडळात पक्ष्यांविषयी शेवटचा शब्द त्यांचा असतो. गावातले एक फोटो स्टुडिओवालेही सभासद आहेत. धंदेवाईक माणसाला हौशी मंडळात घ्यावे काय, यावर एक संपूर्ण बैठक खर्ची पडली होती. लग्नाचे फोटो हा त्यांचा धंदा आणि रानफुले ही हौस, असा निवाडा करून त्यांना घेतले. ते आल्यापासून प्रिंट स्वस्तात होतात, हाही भाग त्या निवाड्यात असावा असा माझा कयास आहे.

वृद्ध सभासदांची सुरुवात 'अ‍ॅग्फा क्लिक थ्री' या डबा कॅमेऱ्याने झालेली. १२० नंबरच्या रोलमध्ये बारा चित्रे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल घ्यावयाचा आणि तो महिनाभर पुरवावयाचा. बारांपैकी एक चित्र वाया गेले तर जीव हळहळत असे. आज एका सकाळी चारशे चित्रे काढणाऱ्या मुलाला ही काटकसर समजत नाही, आणि समजावी असा आग्रहही नाही. पण बटण दाबण्यापूर्वी क्षणभर थांबण्याची जी सवय त्या पिढीला लागली, ती त्यांच्या चित्रांत अजून दिसते.

पावसाळ्यात मंडळाचे बाहेरचे काम जवळजवळ थांबते. गोव्याचा पाऊस आणि कॅमेरा यांचे पटत नाही. जून ते सप्टेंबर भिंगावर बुरशीची बारीक जाळी धरते. जुन्या निगेटिव्हवर तर ती जिलेटिन खात पसरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे, पुड्यांचा रंग बदलला की त्या तव्यावर भाजून पुन्हा वापरणे, आणि ऊन पडेल त्या दिवशी भिंगाला प्रकाश दाखवणे, हा आमच्याकडचा नित्य पाठ आहे. नवीन सभासदाला प्रथम हेच शिकवतात. १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन येतो. १८३९ साली त्या दिवशी फ्रान्सच्या सरकारने दागेरची पद्धत जगाला खुली केली. हा दिवस नेमका आमच्या भर पावसात पडत असल्याने त्या दिवशीची स्पर्धा नेहमी घरात घेता येण्याजोग्या विषयावर असते.

पाऊस सरला की सहली निघतात. मये तळे, हरवळेचा धबधबा आणि तिथली कोरीव लेणी, नार्व्याचे सप्तकोटेश्वर, डिचोलीचा नमाजगड; पेडण्याकडे हळर्णचा किल्ला, केरीहून फेरीबोटीने तेरेखोल, मोरजीचा किनारा. कार्तिकानंतर रात्री दशावताराच्या काल्यांना जावयाचे. कोजागरीला पेडण्याची पुनव आणि वैशाख शुद्ध पंचमीला शिरगावची लईराईची जत्रा या दोन रात्री ठरलेल्या.

या सर्वांवर मुकुट म्हणजे स्पर्धा. वर्षातून चार वेळा होते. तिची रीत सांगतो, कारण मंडळाची खरी शाळा तीच आहे. प्रत्येक सभासदाने दोन चित्रे द्यावयाची. चित्रावर नाव नसते, फक्त क्रमांक. परीक्षक तीन, त्यांतला निदान एक बाहेरचा. चित्र पडद्यावर आले की कोणी काही बोलावयाचे नाही. तिघांनी दहापैकी गुण कागदावर लिहावयाचे, कागद गोळा झाले की मग चर्चा. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बोलणे झाले तर सर्वांत मोठ्या आवाजाच्या परीक्षकाचेच गुण तिघांच्या कागदावर उतरतात. चर्चेच्या वेळी ज्याचे चित्र आहे त्याने गप्प बसावयाचे. आपल्या चित्राविषयी तीन परके लोक अर्धा मिनिट बोलत आहेत, आणि जे आपल्याला दिसले होते ते त्यांना दिसतच नाही, हे ऐकत बसणे सोपे नसते. पण एवढे फुकट शिक्षण दुसरीकडे कुठे मिळत असेल असे मला वाटत नाही.

उदाहरणे देतो. चुना दिलेल्या देवळाच्या भिंतीचे किंवा दीपमाळेचे चित्र घेतले की ती हमखास करडी, मळकी येते. का? कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरच्या प्रत्येक दृश्याला मध्यम करड्या छटेचे समजतो. समोर सगळे पांढरेच असेल तर तो प्रकाश कमी करून तेही करडे करतो. म्हणून पांढऱ्या भिंतीसाठी माप एक ते दीड स्टॉप वर चढवावे लागते आणि खाणीच्या काळपट मातीसाठी खाली आणावे लागते. पुस्तकात हे एका ओळीत असते. परंतु एकाच संध्याकाळी पडद्यावर सहा करडी देवळे ओळीने पाहिल्यावर ते जन्मभर विसरत नाही. दुसरे, दशावताराचे. पूर्वी दिवट्या आणि गॅसबत्त्या असत, आता एलईडीचे झोत असतात. काळ्या वेषातला, लाल जीभ काढलेला संकासुर छान टिपला, पण चित्रावर आडवे काळे पट्टे. आपल्या विजेची कंपने सेकंदाला पन्नास, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा मंदावतात. शटर एकपाचशेला ठेवले तर सेन्सरचा काही भाग उजेडात आणि काही भाग अंधारात वाचला जातो. एकशंभर किंवा एकपन्नास ठेवा, पट्टे जातात. पण मग नाचणारा संकासुर हलतो! तेव्हा तो क्षणभर थांबतो कधी, हे पाहावे लागते, आणि त्यासाठी काला समजावा लागतो. तंत्राचा प्रश्न असा फिरून विषयाच्या ओळखीवर येतो.

हे सर्व स्पर्धेचे गुण. आता दुसरी बाजू.

आपल्या देशातील मंडळांची शिखरसंस्था म्हणजे १९५३ साली स्थापन झालेली फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी, आणि तिच्याही वर १९५० ची आंतरराष्ट्रीय संघटना, जिला सर्वजण 'फियाप' म्हणतात. यांच्या मान्यतेने भरणाऱ्या प्रदर्शनांना 'सलोन' म्हणतात. सलोनमध्ये चित्रे स्वीकारली गेली की त्यांची संख्या मोजून पुढे पदव्या मिळतात. पूर्वी बारा बाय पंधरा इंचांचे प्रिंट पुठ्ठ्यात बांधून टपालाने जात, आता संगणकावरून जातात. लहान गावचे मंडळ आपली स्पर्धा याच साच्यावर बेतते. विभाग तेच : एकरंगी, रंगीत, निसर्ग, प्रवास. निकषही तेच. यात वाईट काही नाही. निसर्ग विभागाचे नियम तर फार चांगले आहेत. चित्रात काही घालावयाचे नाही, कातरण्यापलीकडे काही काढावयाचे नाही, आणि चित्रापेक्षा प्राण्याचे हित मोठे. मोरजीला रात्री अंडी घालण्यास येणाऱ्या सागरी कासवांवर दिव्याचा झोत टाकून चित्र आणणाऱ्याला आमच्याकडे याच नियमाने बाहेर बसवतात. कायद्याने संरक्षित प्राणी आहे, ही गोष्ट वेगळीच.

पण साचा म्हटला की त्यात ओतलेले सर्व सारखेच निघणार. 'तृतीयांशाचा नियम' घ्या. चित्राची उभी-आडवी तीन तीन भागांत विभागणी करून मुख्य वस्तू त्या रेषांवर ठेवावी, हा नियम जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली ग्रामीण देखाव्यांविषयीच्या आपल्या पुस्तकात मांडला. तो एका माणसाचे मत होते; आमच्याकडे ते श्रुतिवचन झाले आहे. परीक्षकाला काय आवडते हे सभासदांना दोन वर्षांत कळते. मग जाळे फेकणारा कोळी, सूर्याकडे पाठ, जाळे पूर्ण उघडलेले. सुरकुत्यांच्या चेहऱ्याची म्हातारी, एका बाजूने खिडकीचा उजेड. होमखंडाच्या निखाऱ्यांपुढे वेताची काठी उंचावलेला धोंड. यांतले प्रत्येक चित्र सुंदर असते. परंतु दहा वर्षांची बक्षीसपात्र चित्रे भिंतीवर लावली तर ती एकाच माणसाने काढली आहेत असे वाटेल, आणि कुठल्या गावी काढली हे तर मुळीच सांगता येणार नाही. विजेची तार आली, पत्र्याचे छप्पर आले, पाटी आली, की गुण कमी. ज्या खुणांवरून गाव ओळखावयाचे, नेमक्या त्याच खुणा चित्राबाहेर ठेवण्याची कला आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत असतो.

याची किंमत काय होते ते मोपाच्या सड्यावरून समजले. पेडणे तालुक्यातला हा विस्तीर्ण कातळी सडा. पावसाळ्यात त्यावर रानफुलांचे गालिचे असत आणि भोवतालच्या गावांची गुरे तिथे चरत. विमानतळाचे काम पर्यावरणाच्या प्रश्नावरून २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात थांबले, २०२० मध्ये पुन्हा परवानगी मिळाली, डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. विमानतळ असावा की नसावा, हा या लेखाचा विषय नाही. पण त्यानंतर एके दिवशी सड्याच्या पायथ्याच्या गावातली, भूगोलात एम्. ए. करणारी एक विद्यार्थिनी मंडळात आली. पूर्वीचा सडा कसा होता याची चित्रे तिला प्रबंधासाठी हवी होती. गुरांची वाट कुठून चढत होती, झर कुठे होती, पावसाचे पाणी कुठे साचत होते, हे तिला नकाशावर बसवावयाचे होते. गावातली वडीलधारी माणसे सांगत होती. पण दोघांचे सांगणे एकमेकांशी जुळत नव्हते.

मंडळाच्या संगणकात सड्यावरची चित्रे निघाली, आणि ती थोडी नव्हती. सूर्यास्त, फुलांवरचे दवबिंदू, मावळत्या प्रकाशातली गुरे. नावे पाहावी तर 'एकांत', 'सांजवेळ', 'धरणीमाता'. 'परतीची वाट' या नावाची तर तीन निरनिराळ्या सभासदांची तीन चित्रे. एकाही चित्रावर तारखेपलीकडे काही लिहिलेले नव्हते. कॅमेरा कुठे उभा होता आणि कोणत्या दिशेला तोंड करून होता, हे काढणाऱ्यांनाही आता आठवेना. त्या मुलीने सर्व चित्रे शांतपणे पाहिली. शेवटी तिने एकच चित्र मागितले. ते पहिल्याच फेरीत बाद झालेले होते. गुरे डबक्यावर पाणी पीत आहेत, आणि मागे विजेचा एक खांब, त्याच्या पलीकडे एका घराचे छप्पर. खांबामुळे रचना बिघडली, असा शेरा परीक्षकाने मारला होता. त्याच खांबावरून आणि छपरावरून तिने ती जागा ओळखली. ते घर तिच्या आत्याचे होते.

डिचोलीतही तेच आहे. शिरगाव, मये, मुळगाव या पट्ट्यात खाणींनी डोंगर कसे बदलले, २०१२ मध्ये खाणी बंद झाल्यावर खंदकांत पाणी कसे भरले, मधल्या काळात रस्त्याकडेला ट्रकांच्या रांगा कशा उभ्या होत्या, २०१८ मध्ये न्यायालयाने पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा काय झाले, हे सर्व आमच्या डोळ्यांदेखत घडले. सभासदांनी त्यातून 'हिरवे पाणी' या नावाचे एक फार देखणे चित्र काढले. कोणत्या खंदकाचे, ते त्यावर लिहिलेले नाही. नार्व्याच्या सप्तकोटेश्वर देवळाचा, ज्याचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करविला, त्याचा अलीकडचा जीर्णोद्धार २०२३ मध्ये पुरा झाला. त्यापूर्वीच्या देवळाची आमच्याकडची चित्रे बहुतेक कळसाची आणि दिव्यांची आहेत. पडवी, भिंतीतली भेग, गळके छप्पर कोणी कशाला काढील? त्याला गुण नाहीत.

हा दोष केवळ आमचा नव्हे, आणि त्यावरचा उपायही आम्हाला नव्याने शोधावयाचा नव्हता. इंग्लंडात १८८९ मध्ये बर्मिंगहॅमच्या छायाचित्रण मंडळापुढे जेरोम हॅरिसन या विज्ञानशिक्षकाने एक सूचना मांडली : हौशी मंडळींनी आपापसांत वाटणी करून वॉरिकशायर परगण्याची गाववार चित्रे काढावीत. तिथल्या लोकांनी ते काम हाती घेतले. पुढे बेंजामिन स्टोन या गृहस्थांनी १८९७ मध्ये सगळ्या देशासाठी तशी संस्था काढली. ती १९१० पर्यंत चालली आणि तिच्या सभासदांची हजारो चित्रे ब्रिटिश म्युझियममध्ये जमा झाली. ही मंडळीही हौशीच, वकील, डॉक्टर, दुकानदार. चित्र टिकाऊ कागदावर असावे, शक्यतो प्लॅटिनमच्या प्रिंटचे, आणि त्याबरोबर त्याची माहिती असावी, असा त्यांचा आग्रह असे. चित्र कसे दिसते याइतकाच, ते शंभर वर्षांनी कोण वाचणार याचा विचार त्यांनी केला होता.

त्या मुलीच्या भेटीनंतर आमच्या मंडळात 'नोंद' नावाचा पाचवा विभाग निघाला. सहजासहजी निघाला नाही. एक ज्येष्ठ सभासद, ज्यांच्या चित्रांना बाहेर मान आहे, ते म्हणाले की हे तलाठ्याचे काम झाले, यात कला कुठे आहे? त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. नुसते ओळीने दरवाजे टिपत गेले तर पंचनामा होतो, आणि पंचनामा पाहण्यास दुसऱ्यांदा कोणी येत नाही. माझे मत असे पडले की चांगली नोंद करणे सूर्यास्ताहून अवघड आहे. खांब, तार, पत्रा, पाटी हे सारे चित्रात घेऊन शिवाय चित्र नीट उभे करावयाचे, ही रचनेची परीक्षा नाही तर काय? विजेची तार वगळून सुंदर चित्र कोणीही काढील. हे बोलणे त्या दिवशी थोडे तिखट झाले. पण मतदानात विभाग मंजूर झाला, आणि त्या ज्येष्ठ सभासदांनी पहिल्याच फेरीत चित्र दिले, ही त्यांची थोरवी.

नियम थोडे आहेत. एका विषयाची पाच चित्रे द्यावयाची : एक लांबून, ज्यात भोवतालची ओळखीची खूण दिसेल; एक मधल्या अंतरावरून; दोन जवळून; आणि एक त्या जागी काम करणाऱ्या किंवा राहणाऱ्या माणसांचे, त्यांना विचारून. प्रत्येक चित्राबरोबर गाव, वाडा, दिनांक, वेळ, कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेला, आणि जी वस्तू आहे तिला त्या गावात काय म्हणतात तो शब्द. हा शेवटचा रकाना भरताना सर्वांची धांदल उडते. समईच्या प्रत्येक भागाला तांबट काय म्हणतो हे विचारण्यास गेलेला सभासद अर्धा दिवस दुकानात बसतो आणि मग पहिली चित्रे पुसून नवी काढतो. मोबाइलमध्ये जागेची नोंद आपोआप होते हे खरे, पण चित्र इकडून तिकडे पाठवताना ती बहुधा गळून पडते. म्हणून कागदावर लिहिणे सोडलेले नाही. निवडलेल्या संचाचे प्रिंट तीन प्रतींत होतात. एक मंडळात, एक गावच्या वाचनालयात, एक ज्यांचे चित्र आहे त्यांच्या घरी.

एक मर्यादा आम्ही आपण होऊन घातली. ढालो हा बायकांचा खेळ आहे, मांडावर पुरुषांनी जावयाचे नसते. तेव्हा तिथली नोंद मंडळातल्या स्त्री सभासदांनी, मांडावरच्या वडील बायकांना विचारून, त्या हो म्हणतील तेवढीच करावयाची. एका गावाने नको म्हटले. त्या गावच्या पानावर एवढेच लिहिले आहे : मांड आहे, चित्र घेतलेले नाही.

गुण देण्याची रीत याही विभागात तीच, तीन परीक्षक आणि बंद कागद. मात्र त्यांतला एक परीक्षक त्या त्या गावचा माणूस असतो, ज्याने कॅमेरा हातात धरलेला नसला तरी चालते. पहिल्या फेरीत बाहेरच्या परीक्षकाने सर्वांत जास्त गुण दिलेल्या एका संचाला या गावच्या परीक्षकाने दहापैकी दोन दिले. कारण विचारता म्हणाला, चित्र चांगले आहे, पण ही भट्टी वापरात नाही. चित्रासाठी पेटवलेली दिसते. कुंभाराच्या भट्टीतली राख कुठे साचते हे त्याला ठाऊक होते, आम्हा कोणालाच नव्हते.

येत्या हंगामासाठी डिचोलीच्या बाजारातल्या जुन्या दुकानांची एक ओळ आणि पेडणे तालुक्यातले चापोरा नदीकाठचे धक्के, असे दोन विषय ठरले आहेत. आपल्या महाविद्यालयातील ज्यांना यावयाचे असेल त्यांनी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मला विभागात भेटावे. सकाळच्या चोर्लामार्गे जाणाऱ्या गाडीने निघून रात्री परत येता येते. कॅमेरा नसला तरी अडत नाही, मोबाइल चालतो. वही आणि पेन्सिल मात्र आणावी. शाई पाण्याने फुटते, आणि धक्क्यावर हात कोरडे राहत नाहीत.